माझ्या पातळ आमटीचा सत्कार

माझ्या आमटीवर गाणं आहे. भोर-वेल्ह्यात कुठल्याही हळदीला जा, डीजेवाला ते लावतोच. नाचणाऱ्या पोरांना ठाऊक नसतं की गाण्यातली ती विहीण अजून जिवंत आहे, आणि बऱ्याचदा तिथंच मंडपात खुर्चीवर बसून त्यांच्याकडं बघते आहे.

मुलगी मी हिर्डोशीकडं दिली. तिचे सासरे गाणी बांधायचे. भात आणि नाचणीची शेती होती, पण बैलांच्या मागं चालतानाही त्यांचं तोंड गप्प नसायचं. त्यांनी भाताच्या आवणीची गाणी बांधली, जत्रेची बांधली. यष्टी वेळेवर येत नाही म्हणून एक बांधलं. ते ऐकून साहेबानं एक गाडी वाढवली होती असं लोक सांगतात. मला काही खरं वाटत नाही. हिर्डोशीची गाडी तेव्हाही वेळेवर येत नव्हती, आताही येत नाही.

लग्न आमच्या दारात झालं, वेल्ह्याकडं. वऱ्हाड एका टेम्पोचं ठरलं होतं. आले दोन टेम्पो. मी काय करणार? आमटीत पाणी घातलं. कुणीही घातलं असतं. भात पुरला, लाडू पुरले आणि आमटीही पुरली.

आमच्याकडं विहिणीची पंगत बसते. नवऱ्यामुलाची आई आणि तिच्याबरोबरच्या बाया मांडवाच्या मधोमध जेवायला बसतात. मुलीकडच्या बाया वाढतात आणि वाढता वाढता गाण्यातून तिचे वाभाडे काढतात. मग ती गाण्यातूनच आपले काढते. ह्यात रागवायचं नसतं. उलट जिला कुणी काही बोललं नाही, ती विहीण घरी जाऊन रडते. ह्या लोकांनी आपल्याला मोजलंच नाही, असं तिला वाटतं.

आमच्या बायांनी माझ्या विहिणीला रीतसर झोडपलं. तिचं नाक घेतलं, तिच्या पाटल्या घेतल्या, तिच्या गावचा रस्ता घेतला. ती मान खाली घालून जेवत होती. मग तिची पाळी आली. व्याही मांडवाच्या मेढीला टेकून उभे होते. बायकांच्या पंगतीत पुरुषाचं काम नसतं, पण ते वाकून बायकोच्या कानात एकेक ओळ सोडायला लागले, आणि ती तोंडातला घास गिळून गायला लागली.

इहिणीच्या आमटीत चांदणं पडलं, तळ दिसतो बाई,
भाटघरचं धरण रितं झालं, डाळ गावली न्हाई!

'डाळ गावली' म्हटल्यावर ती थांबली, कारण मधेच तिनं लाडवाचा तुकडा तोंडात टाकला होता. तो गिळला, मग 'न्हाई' म्हणाली, आणि रिकामी पळी झटकावी तसा हात माझ्याकडं झटकला. मांडव हसून हसून लोळायला लागला. व्याह्यांना आणखी चेव चढला.

इहीण बोलती अंगणात, वरंध्यात यष्टी थांबं,
डायवर इचारी कंडाक्टरला, हारन कुनाचा लांब?

इहिणीचा लाडू फुटंना बाई, पहार आणली दारी,
लाडू राहिला जसाच्या तसा, पहार वाकली सारी!

मला गाता येत नाही. माझा आवाज त्या गाण्यात म्हटलाय तसाच आहे. मी आमटीची बादली घेऊन सरळ विहिणीच्या पानापुढं गेले आणि तिची वाटी काठोकाठ भरली.

"घ्या," म्हटलं, "धरण भरलं."

ती हसली आणि आमटी तिच्या नाकात गेली. माझ्या हिशेबी सोयरीक तेव्हा झाली. अक्षता त्याआधीच पडल्या होत्या, पण अक्षता काय, भटजीनं सांगितलं की पडतात.

पुढं व्याह्यांची गाण्याची पार्टी झाली. ते लिहायचे आणि तुणतुणं वाजवायचे, विहीण गायची. त्या गाण्याची कॅसेट निघाली. यष्टीचे ड्रायव्हर ती लावायचे, तमाशातल्या बाया म्हणायच्या, आता ते पोरांच्या मोबाईलवर वाजतं. 'न्हाई'च्या आधीची ती जागा मात्र सगळे तशीच ठेवतात. पुण्यातले गाणारेसुद्धा तिथं थांबतात. कशासाठी थांबतात ते त्यांना माहीत नाही. तिथं लाडू आहे.

आणि इतकी वर्षं, कुठल्याही लग्नात ते गाणं लागलं की माझी विहीण असेल तिथून मान वर करून मला शोधायची, आणि 'न्हाई'ला हात उपडा करून पळी झटकायची. मी तिला तोंड वेडावून दाखवायची. आम्हा दोघींचं बोलणंही तसंच होतं. मी तिच्या घरी गेले की ती म्हणायची, "आला का हारन? मला वाटलंच, कोंबड्या लपल्या." ती माझ्याकडं आली की मी म्हणायची, "बसा, पण दोन टेम्पो आणलं नसतील तरच." टेम्पो एकच होता, असं तिचं कायमचं म्हणणं. मुलगी म्हणायची, तुम्ही दोघी कधी सुधारणार नाही. सुधारायचं काय होतं त्यात?

गेल्या वर्षी भात झोडून झालं आणि व्याही वारले. वय झालं होतं. झोपेत गेले. त्याबद्दल मला फार काही म्हणायचं नाही.

म्हणायचं आहे ते विहिणीबद्दल. दहाव्याला मी गेले तर तिनं मला पाट दिला आणि म्हणाली, "बसा इहीणबाई. लांबनं आला. तरास झाला आसंल." मी म्हटलं असू दे, दुःख ताजं आहे. महिन्याभरानं परत गेले. "तुमी लई चांगल्या," म्हणाली. "माझ्या सुनंला तुमी चांगलं वळन लावलं." मुलगी आणि मी एकमेकींकडं बघायला लागलो. ह्याच बाईनं माझ्या मुलीला चार पाहुण्यांत 'वेल्ह्याचं वादळ' म्हटलं होतं.

"आई, त्या कुनाशीच भांडत न्हाईत आता," मुलगी मला गोठ्यात नेऊन म्हणाली. "शेजारणीनं बांध कोरला तर म्हनल्या, कोरू दे. मला रातीची झोप येत न्हाई."

मग मी एक केलं. त्या मुक्कामात सैपाक मीच करते म्हटलं, आणि आमटी केली. डाळ मूठभर आणि पाणी तांब्याच्या तांब्या. तळाशी वाटीवरची नक्षी दिसत होती. माझा नातू वाटी बघून ओरडला. मी विहिणीच्या पुढं वाटी ठेवली आणि समोर बसले.

तिनं भुरका मारला. "छान झालीया," म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत आले. व्याही गेले तेव्हा माझ्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. त्या 'छान झालीया'वर मात्र मला कापूरहोळला गाडी बदलेपर्यंत काही सुचलं नाही. माणूस जिवंत असून गेलं की काय करायचं असतं, ते कुणी सांगत नाही. त्याला दहावं नसतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसे भोरहून दोघंजण मोटारसायकलवर माझ्या दारात आले. एकानं जाकीट घातलं होतं. व्याह्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवलाय, म्हणाला. मोठा. पुण्याची गायिका, वाद्यवृंद, सगळं.

"आजी, गाण्यातल्या त्या विहीणबाई तुम्हीच ना?"

"गाण्यात माझं नाव हाय का?"

"नाव नाहीये. पण सगळे सांगतात."

"सगळे सांगत्यात तर मला कशाला इचारता?"

जाकीटवाला हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे. "तुमचा सत्कार करायचाय. तुम्ही त्या गाण्याचं प्रेरणास्थान आहात."

"मी पातळ आमटी केली हुती," मी म्हटलं. "गाणं त्यांनी केलं."

सत्काराला मी गेले नसते. शाली आमच्या घरात आधीच पडून आहेत. मुलगा सरपंच होता तेव्हाच्या. कुत्र्यालासुद्धा थंडीत एक घातली होती. पण मी विचारलं, "माझी इहीण येनार का?" तर म्हणाला, त्या तर मानकरी, पुढच्याच खुर्चीत. "आणि ते गाणं म्हननार?" तर म्हणाला, त्याच्याशिवाय कार्यक्रम होईल का आजी.

मग मी येते म्हटलं. माझा हिशेब साधा होता. गाणं लागेल, 'न्हाई'ची जागा येईल, आणि तिचा हात वर होईल. इतक्या वर्षांची सवय आहे, दुःखाला न विचारता हात वर होईल. मग पुढचं मी बघून घेईन.

वेल्ह्याची यष्टी मिळाली, कापूरहोळला उतरले. भोरच्या गाडीची वाट बघत होते तर पंक्चर काढणाऱ्या चाचांच्या दुकानात तेच गाणं लागलं होतं. मी म्हटलं, शकुन बरा आहे. चाचा म्हणाले, "मावशी, हमारी लडकीच्या शादीला पन हेच वाजवलं. लई हसले सगळे." मी कोण ते त्यांना सांगितलं नाही. गाडी आली.

कार्यक्रम भोरात एका मंगल कार्यालयात होता. दारात कमानीएवढा फ्लेक्स. त्यावर वर चार पुढारी, मधे कार्यालयाचा मालक हात जोडून, खाली जाकीटवाले सगळे ओळीनं. मी माझ्या व्याह्यांना शोधत होते. ते उजव्या कोपऱ्यात सापडले, आधारकार्डावरच्या फोटोत. डोळे अर्धे मिटलेले. त्यांना स्वतःच्या कार्यक्रमात झोप आल्यासारखी दिसत होती, आणि पुढं जे झालं ते बघता त्यात काही चुकीचं नव्हतं.

विहिणीला त्यांनी गाडी पाठवून आणलं होतं. स्टेजवर नवरा-नवरीला बसवतात ती लाल मखमलीची खुर्ची असते ना, सिंहाच्या पंजाची, ती खाली आणून पुढच्या रांगेत ठेवली होती आणि तिच्यात तिला बसवलं होतं. गळ्यात हार. पाय जमिनीला टेकत नव्हते. मला तिच्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. मुलगी मागं बायकांत बसली.

"नवरी सजली की," मी म्हटलं.

जुनी विहीण असती तर म्हणाली असती, करवली मात्र म्हातारी मिळाली. ही म्हणाली, "बसा इहीणबाई. पानी पिला का?"

मी स्टेजकडं तोंड फिरवलं.

मग दिवा लागला. म्हणजे लागत नव्हता. पंखा वरून वारा घालत होता आणि पुढारी खालून काड्या ओढत होते. पंखा बंद करावा हे कुणाला सुचेना, कारण पंखा पुढाऱ्यांसाठी लावला होता. शेवटी कार्यालयाच्या मालकानं हातानं आडोसा धरला आणि एक वात पेटली. टाळ्या झाल्या. मग उभं राहून शांतता पाळायची होती. त्या शांततेत एका पुढाऱ्याचा मोबाईल वाजला, आणि वाजलं काय तर माझ्या आमटीचं गाणं. त्या सगळ्या संध्याकाळीत व्याह्यांना खरी श्रद्धांजली तेवढीच मिळाली. तो पुढारी मात्र ओशाळला.

मग सत्कार. ज्यांनी खुर्च्या दिल्या त्यांचा, ज्यांनी माईक दिला त्यांचा, जे येणार होते पण आले नाहीत त्यांचा त्यांच्या पुतण्याला उभं करून. गाणारी बाई आणि वाजवणारे स्टेजच्या मागच्या बाजूला वाद्यं मांडीवर घेऊन बसून होते. एकानं डबा उघडून खाऊन घेतलं. भाषणं करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी माझे व्याही भाकरी खायला यायचे. मी मनात म्हटलं, एवढ्या भाकरी खाल्ल्या असत्या तर माणूस एवढा वाळका राहिला नसता. एकजण म्हणाला, त्यांच्या गाण्यात एक जागा आहे, 'डाळ गावली' नंतरची, तिथल्या त्या स्तब्धतेत कष्टकरी स्त्रीचं सारं मौन साठलं आहे. मी विहिणीकडं बघितलं. लाडवाची आठवण तरी होईल. ती मान हलवत होती, हो हो, साठलं आहे.

शेवटी गाणी सुरू झाली. गायिका गुणी होती. गळा गोड, गजरा ताजा, समोर काचेच्या पाटीवर शब्द. आवणीचं गाणं तिनं असं म्हटलं की चिखल कुठंच लागला नाही. व्याह्यांच्या पार्टीतला म्हातारा ढोलकीवाला तिथं होता, त्याला कोपऱ्यात बसवलं होतं, आणि मधे एक पोरगा पत्र्याच्या पिंपांसारखं काहीतरी बडवत होता. पण लोक ऐकत होते. लोक चांगले असतात. त्यांना काहीही ऐकवलं तरी ते त्यातून आपलं गाणं शोधून घेतात.

मग निवेदक म्हणाला, "आणि आता, ज्याची आपण सारे वाट बघत आहोत..."

मी खुर्चीत सरळ झाले. विहिणीकडं तोंड करून बसले. ढोलकीची ओळखीची सुरुवात झाली आणि मी बघितलं, विहिणीचा उजवा हात खुर्चीच्या मखमली दांडीवरून उठला. माझ्या डोळ्यांदेखत उठला. गायिकेनं डोळे मिटले आणि म्हटलं,

विहीणबाई साक्षात अन्नपूर्णा, गोड तयांची वाणी,
आमटीमध्ये माया ओतली, जसे गंगेचे पाणी...

हात अर्ध्यात थांबला. मग हळूच दांडीवर परत गेला. थांबायच्या जागेवर गायिकेनं आलाप भरला होता, लांबच लांब, म्हणजे आता तिथं लाडूही नव्हता. विहीण मान हलवायला लागली. चांगलं आहे, चांगलं आहे. आणि ती पुन्हा गेली.

पाणी मात्र त्यांनाही काढता आलं नव्हतं.

मला कळेना हे झालं काय. मागं वळून जाकीटवाल्याला बोलावलं. तो वाकून कानात म्हणाला, "आजी, मूळ शब्द जरा तुमचा अपमान करणारे होते. स्त्रियांचा सन्मान म्हणून समितीनं शुद्ध करून घेतले." मग आणखी खाली वाकला. "आणि तसं बघितलं तर मालकांचं केटरिंग आहे. आज जेवणही त्यांचंच आहे. आमटीचं गाणं... लोक काय काय अर्थ काढतात."

म्हणजे मला अन्नपूर्णा केलं ते मालकाची आमटी झाकायला.

आमच्याकडं पंगतीत विहिणीची अशी स्तुती कुणी केली तर जाणत्या बाया खाली बघतात. सोयरीक तुटायला आली की माणसं एकमेकांशी इतकं गोड बोलतात. आणि हे माझ्या व्याह्यांच्या तोंडी घातलं होतं, त्यांच्या बायकोच्या समोर. ती बिचारी त्यालाही छान म्हणत होती. तिनं वर्षभर सगळ्याच पातळ आमट्या छान म्हणून प्यायल्या होत्या.

तेवढ्यात माझं बोलावणं आलं. मुलगी धावत आली हात धरायला. मी म्हटलं, सोड, मी चढते. कार्यालयाच्या मालकानं माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटोसाठी माझ्याकडं न बघता कॅमेऱ्याकडं बघून हसला. निवेदकानं माईक पुढं केला. "आजी, दोन शब्द."

"दोनात भागनार न्हाई," मी म्हटलं. माईक कशाला देतात मला ते कळत नाही, माझा आवाज तसाही मागच्या भिंतीला लागतो. "आत्ता ह्यांनी जे म्हटलं ते गाणं माझ्यावरचं न्हाई. माझी आमटी पातळ हुती. टेम्पो दोन आलं तर पातळच हुनार. व्याह्यांनी ती समद्या तालुक्याला सांगितली, म्हनून मला मानसं वळखत्यात. आता तुमी मला अन्नपूर्णा करून ठिवलीया. मी तुमचं काय वाईट केलं हुतं?"

लोक हसले. जाकीटवाला स्टेजवर आला. "आजी, कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून..."

"कुनाच्या?"

"तुमच्या, आजी."

"माझ्या भावना दुखत न्हाईत. माझं गुडघं दुखत्यात. ह्या बाईला खरं गानं म्हनाया सांगा, मी खाली उतरते."

गायिका खरंच भली होती. म्हणाली, "आजी, मला आवडलं असतं. पण माझ्याकडे हेच शब्द आलेत." आणि काचेची पाटी माझ्याकडं वळवून दाखवली.

मालकाच्या चेहऱ्यावर दाढ दुखते आहे तसं हसू होतं. मी खाली बघितलं. मखमलीच्या खुर्चीत विहीण हात जोडून बसली होती. आता बास, असं सांगत होती मला. नमस्कार करून सांगत होती. मला त्या नमस्काराचा इतका राग आला की मी गायला लागले.

गायचं मी ठरवलं नव्हतं. मी आयुष्यात आरतीसुद्धा मनात म्हणते, शेजाऱ्यांचा विचार करून. पण सुरू केलं. इहिणीच्या आमटीत चांदणं पडलं. पहिल्याच शब्दाला स्पीकरनं शीळ घातली. ढोलकीवाल्या म्हाताऱ्यानं हात उचलला आणि परत ठेवला, कारण मी कुठल्या तालात आहे ते मलाही ठाऊक नव्हतं. मी डोळे विहिणीवर ठेवले होते. भाटघरचं धरण. तिची मान वर झाली. रितं झालं. कपाळाला आठी पडली. आणि मी दमले होते, दम पुरत नव्हता, तेव्हा मी थांबायच्या जागेवर थांबले नाही. 'डाळ गावली न्हाई' असं एका दमात म्हणून टाकलं.

"आवं इहीणबाई!"

सगळं कार्यालय खुर्चीकडं वळलं. विहीण उभी राहिली होती. हार एका खांद्यावरून घसरला होता.

"थांबा की तितं! तितं थांबायचं आस्तं! वरंध्यातली यष्टी थांबली तुमचा आवाज ऐकून, तुमी काय थांबंना!"

मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. पण मी लगेच तसं दाखवलं नाही. "मला जमतं तसं म्हनते," म्हटलं. "तुमाला आवडत नसंल तर तुमी म्हना."

"म्हननारच हाय! जल्म गेला मानसाचा त्या गान्यापायी, आन् ही बया त्याची खरकटी भांडी वाजवतीया!" ती जिन्याकडं चालायला लागली. जाकीटवाला आधार द्यायला गेला तर त्याला म्हणाली, "सर की रं बाजूला. वर्षभर मला धरूनच ठिवलंय समद्यांनी."

ती वर आली. माईक घेतला नाही. ढोलकीवाल्याकडं बघितलं, त्यानं कोपऱ्यातूनच सुरुवात करून दिली. पिंपवाल्या पोराच्याही ते लक्षात आलं आणि तो गप्प बसला. विहिणीचा आवाज आता फाटलाय. वर जाताना मधेच तुटतो. पण कुठं तुटायचं ते त्या आवाजाला माहीत होतं.

ती माझ्याकडं तोंड करून म्हणत होती, लोकांकडं पाठ. चांदणं पडलं, तळ दिसला, धरण रितं झालं. डाळ गावली, आणि ती थांबली. तिनं गिळलं. ह्या खेपेला तोंडात घास नव्हता. मग 'न्हाई' म्हटलं, आणि पळी झटकली माझ्या तोंडावर.

लोकांनी काय केलं ते मला नीट आठवत नाही. आरडाओरडा झाला, शिट्ट्या झाल्या. मी तिला तोंड वेडावून दाखवलं. यष्टीचं कडवं तिनं म्हटलं, पहारीचं म्हटलं, आणि मग मागच्या बायकांत सगळ्यांनीच धरलं. त्यानंतर दोन सत्कार राहिले होते, ते तसेच राहिले. एक पुढारी भाषणासाठी कागद घेऊन आला होता, त्यानं कागदानं वारा घेतला.

जेवायला बसलो तेव्हा मालक स्वतः वाढायला आला. आमच्या दोघींच्या वाट्यांत त्यानं आमटी घातली. विहिणीनं वाटीत बघितलं. मग वाटी जरा उजेडाकडं धरून बघितली.

"इहीणबाई," ती मला म्हणाली, पण त्याला ऐकू जाईल अशी, "ह्यांच्याकडं बी दोन टेम्पो आलं वाटतं."

इतक्या वर्षांत दोन टेम्पोची गोष्ट तिनं पहिल्यांदा कबूल केली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं परत घेतली असती.

जाताना गाडी तिला हिर्डोशीला सोडणार होती. मी यष्टीकडं वळले तर म्हणाली, "कुठं निघाला? चला घरी. पन सांगून ठिवते, चुलीपाशी पाऊल टाकायचं न्हाई." गाडीत ती माझी शाल गुडघ्यांवर घेऊन बसली आणि सगळ्या रस्त्यानं मी कुठं कुठं चुकीची गायले ते सांगत राहिली. मुलगी पुढच्या सीटवर बसली होती. ती मधेच एकदा मागं वळून आम्हाला बघायची आणि परत पुढं बघायची. पुढं धरणाचं पाणी लागलं, तरी विहिणीचं बोलणं संपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमटी मीच केली. डाळ भरपूर घातली, पाणी बेतानं, आणि चांगली घोटली. वाटी तिच्या पुढं ठेवून मी समोर बसले. तिनं वाटीत चमचा उभा केला. चमचा पडेना. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मग माजघराकडं तोंड करून माझ्या मुलीला हाक मारली.

"आगं ए, पहार आण!"